वरसे, रोहा आणि मोतीबिंदू

डोळ्यांच्या शिबिराचं सांगते. कंप्युटर नवा होता आणि त्यावर बसणारे सर त्याहून नवे. ऑपरेशनच्या यादीसाठी त्यांनी लिहिलं : गाव वरसे किंवा रोहा आणि मोतीबिंदू.

पेशंटना बोलावण्याची पत्रं पाठवायचं काम माझं. मी म्हटलं, "सर, दोन गावांना कंस घाला. मशीन ‘आणि’ आधी धरतं, मोतीबिंदूची अट नुसत्या रोह्याला लागेल. वरशाचे सगळेच येतील."

"बाई, तुम्ही दहावी ना? पत्रं चिकटवा."

ऑपरेशनच्या दिवशी तपासून गेलेलं अख्खं वरसे दारात! एक रिक्षावाला ओरडला, "माझे डोळे बरे हायत, कापता कशाला?"

सर म्हणाले, "कंप्युटर चुकत नाही."

त्या गोंधळात रोह्याच्या एका आजीचा नंबर हुकला. ती सरांच्या आवाजाकडे तोंड करून मला म्हणाली, "मला दिसत नाय गो. याला दिसतं, तरी यानं काय बघितलं?"