त्याच डिस्कवरची कॉपी

२००३ साल. चंदीगडला, सेक्टर सतरामध्ये रेल्वे रिझर्व्हेशनच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुण आणि एक वयस्क बाई अशी दोघं मराठीत बोलत होती.

"काकू, आपल्या महाराष्ट्र मंडळाची वेबसाइट कालपासून परत दिसतेय. पण काकांचं पान गेलं."

"गेलं म्हणजे? वेबसाइट ठेवलेलं ते मशीन तर अमेरिकेत आहे म्हणाला होतास."

"तिथंच आहे. मी इथून त्याची ऑपरेटिंग सिस्टिम बदलत होतो. मध्येच ते बंद पडलं आणि चालूच होईना. शेवटी तिथल्या लोकांनी डिस्क पुसून सगळं नव्यानं घातलं."

"मग तू कॉपी नव्हती काढलीस, यतीन?"

"काढली होती. त्याच डिस्कवर ठेवली."

"त्याच?"

"घरच्या फोनलाइनवर उतरवायला दोन दिवस लागले असते. कंटाळा केला, काकू."

"हं."

"काकांच्या वह्या द्या मला. एअर फोर्समधल्या त्यांच्या सगळ्या आठवणी पुन्हा टाइप करतो, पक्का."

"वह्या कुठल्या रे. हे गेल्यावर मी इथलं घर सोडून शहराबाहेर खरड गावातल्या लहान फ्लॅटमध्ये आले ना, तेव्हा रद्दीत दिल्या. तूच म्हणाला होतास, इंटरनेटवरचं कुठं जात नाही."

"म्हणालो होतो. मग तुम्हाला आठवेल तेवढं सांगा, मी लिहून घेतो."

"मला काय आठवणार? मी वाचलंच नव्हतं. हे रोज विचारायचे, वाचलंस का. म्हटलं, घाई काय आहे, सावकाश वाचीन."