इंदूचे एकसष्ट प्राणी

(बूढापारा, रायपूर. दुपार. श्रीपाद आणि त्यांच्या दिवंगत पत्नीची, इंदूची, भाची गंधाली. टेबलावर इंदूचं हातात धरून खेळायचं जुनं यंत्र, पडद्यावर तिनं खेळात पकडलेला एक बेडूक; शेजारी गंधालीचा मोबाईल.)

श्रीपाद : थांब. याच्या खाली तारीख कायची आहे?

गंधाली : पकडल्याची, मौसाजी. नऊ फेब्रुवारी.

श्रीपाद : त्याच दिवशी तिची रिपोर्ट आली. मी दवाखान्यात डॉक्टरच्या मागं धावून राहिलो होतो, अन् ही बाकावर बसून बेडूक पकडून राहिली होती?

गंधाली : मावशीनं मला फोन केला ना. पहले बेडूक का बताया, फिर बीमारी का.

श्रीपाद : अशीच होती. नाव काय ठेवलं त्याचं?

गंधाली : धर्मपाल.

श्रीपाद : तात्यापाऱ्यातला स्कूटरवाला, दुपारी दुकान उघडते तो?

गंधाली : हव. लढाईत हा पण सगळ्यांच्या शेवटी उठतो.

श्रीपाद : (हसत) बरं, हे सारे जातील कुठं?

गंधाली : आधी माझ्या मोबाईलमधल्या पेटीत. तिथून नव्या खेळात. तोच खेळ पुन्हा बनवलाय. वही गाँव, वही रास्ते, बस चित्र नए. मावशी त्याचीच वाट पाहत होती.

श्रीपाद : जुन्यात परत येतात?

गंधाली : नाही. आणि परवापासून पाठवायची सोयच बंद.

श्रीपाद : पस्तीस वर्षं स्टेशनावर पार्सल चढवलं मी. आधी नाव पाहाचो. तिकडं यांच्यावर नाव कोणाचं राहीन?

गंधाली : जिसने पकड़ा, उसी का. कोणाच्याही हातात गेले तरी.

श्रीपाद : मंग पाठव. एक बी मागं ठेवू नको.

गंधाली : पाठवते... साठ गेले. ये नहीं जा रही.

श्रीपाद : काहून?

गंधाली : शेवटची आहे. हातात एक तरी पाहिजेच, असा नियम आहे. ही चिमणी. नाव नाही ठेवलं. तारीख चौदा जुलै.

श्रीपाद : चौदाले तर तिच्यानं चमचा उचलत नव्हता.

गंधाली : बटन दबा लेती थी.

श्रीपाद : ...इले एकटीले इथं सोडाचं नाही.

गंधाली : मग दुसरा कोई पकडावा लागेल. तो इथं राहील, चिमणी जाईल. द्या, दो मिनट का काम है.

श्रीपाद : त्या नव्यावर नाव तुझं येईन?

गंधाली : नाही. यंत्रात खेळ मावशीचा आहे. कोणीही पकडला तरी नाव इंदूच.

श्रीपाद : मी पकडला तरी?

गंधाली : तरी.

श्रीपाद : मंग आण इकडं. कोणतं बटन?

गंधाली : हे चालायचं. गवतात चला, तिथंच निघतात.

श्रीपाद : चालूनच राहिलो.

गंधाली : मौसाजी, आप दीवार में चल रहे हैं.

श्रीपाद : शिकीन ना. तिले कोणी शिकवलं होतं?

गंधाली : मीच. चिडायची फार... अरे, निघाला! आता हे दाबा. ये नहीं, ये!

श्रीपाद : (तासाभरानं) हा बी पळाला वाटते.

गंधाली : चौथा. पाच वाजले. मी करून देऊ?

श्रीपाद : नको. तू घरी जा, उद्या ये. एक पकडाचा राहिला आहे.