चमच्यातला च

नाही, नाही, ‘बंद’ म्हणायचं नाही! केंद्र बंद झालेलं नाही, केंद्राचं विलीनीकरण झालेलं आहे, आणि त्यातला ‘ली’ दीर्घ, एवढं कृपा करून लक्षात ठेवा, कारण ती दुसरी वेलांटी मी स्वतः दिलेली आहे... म्हणजे तुम्हाला सांगतो, दाराला कुलूप आहे, खुर्च्या टेम्पोत भरून गेल्या, भिंतीवरचा मोठा आरसा काढला तिथे नुसता फिकट चौकोन उरलाय, शेजारचा शिंपी पायरीवर बिनदिक्कत कापडाचे गठ्ठे ठेवायला लागलाय, पण बंद? छे! बंद व्हायचं ते त्या लोकांच्या राज्यात. आपल्या राज्यात विलीन होतं. काय करणार... सरकार आपलं आहे!

आता केंद्र कसलं, ते सांगायला हवं. आमच्या मंडळींना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, आणि हाताबरोबर वाचा. जी बाई बोलायला लागली की मला व्याकरणाची एक चूक काढायला फट मिळत नसे, ती बाई नुसती छताकडे बघत पडलेली. मग आपल्या सरकारने, हो, आपल्याच, निवडून आल्यानंतरच्या पहिल्या वर्षात, आपल्या रस्त्याच्या टोकाला हे केंद्र काढलं. हाताचा व्यायाम, जिभेचा व्यायाम, सगळं विनामूल्य! मी शिंप्याला मुद्दाम जाऊन सांगितलं, “बघा, याला म्हणतात सरकार.” तो त्या दुसऱ्या पक्षाचा. तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाला, “टिकू द्या की आधी.” टाचण्या तोंडात असतानासुद्धा माणसाने इतकं स्पष्ट आणि इतकं वाईट बोलावं!

तर तिथे वाचा शिकवणारी एक बाई होती. मोठी गोड. पण उच्चार... अहो, आपल्या भाषेत च दोन आहेत! एक चहातला आणि एक चमच्यातला. चहातला टाळूला चिकटतो, चमच्यातला दातामागून निसटतो. मी शाळेत फार गेलो नाही. जकात नाक्यावर पावत्या फाडल्या आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात व्याकरण वाचलं, पण एवढं मला कळतं. आणि ही बाई घाईत दोन्ही च एकच करायची! मी म्हटलं, “बाई, तो चमच्यातला, चहातला नव्हे.” ती म्हणाली, “काका, शिकायला तुम्ही आलायत की काकू?” पण दुसऱ्या दिवसापासून तिने सुधारला, हे मान्य केलं पाहिजे.

आमच्या मंडळींना पहिला शब्द आला ‘अहो’. साहजिक आहे, तो आयुष्यभर घासलेला. आणि दुसरा शब्द, तुम्हाला खरं वाटणार नाही, दुसरा आला ‘आपलं’! काहीही दाखवा, ‘आपलं’. खिडकी आपलं, पाणी आपलं. बाई म्हणाली, सोपा आहे तो, जिभेला कष्ट नाहीत. मी म्हटलं, बाई, तुम्हाला ठाऊक नाही! पक्षाची भित्तिपत्रकं चिकटवायला जी खळ लागायची, ती हिने आमच्या स्वयंपाकघरात शिजवलेली आहे. आपला पक्ष विरोधात होता तेव्हा, पडला तेव्हा, पुन्हा पडला तेव्हा. त्याच उजव्या हाताने ढवळायची, एक गुठळी म्हणून नाही! इतर शाखांची पत्रकं पहिल्या उन्हात सुटायची, आमची खरवडून काढावी लागत. मी बाहेरून आलो की विचारायची, “आपलं कसं काय?” आपलं! ‘तुमच्या पक्षाचं’ नव्हे. निवडून आलो त्या दिवशी ती रडली, मी नाही. मी आनंदोत्सवाच्या फलकावरचा ‘विजयी’ ऱ्हस्व होता, तो दीर्घ करायला शिडीवर चढलो होतो.

म्हणून तर शाखेत मला वेलांटीकाका म्हणतात. पाठीमागे नुसतंच वेलांटी.

तर हे सरकार... आता कशाला लपवू, कसंबसं उभं आहे. बहुमत काठावर, मित्रपक्ष रोज रुसतात, तिजोरी आधीच्यांनी खरवडून नेलेली. म्हणजे असं आमचे चिटणीस सांगतात. शाखेचे चिटणीस, मुलगा तसा चांगला, पण वरून जे येतं ते खाली ओततो, मध्ये गाळणी नाही. एका सकाळी आला, हातात कागद. “काका, जरा नजर टाका. संध्याकाळी छापायचंय.”

मी चष्मा लावला. ‘केंद्राचे विलिनीकरण.’

तुम्हाला सांगतो, मला अर्थ कळला होता हं! कुणी म्हणेल, वेलांट्यांच्या नादात कळलं नसेल. कळलं होतं. पहिल्याच ओळीला. आतल्या खोलीत ती आरशासमोर ओठ गोल करत बसली होती, मला दिसत होती. आणि माझा हात? हात निघाला पेन्सिलीकडे! ‘ली’ दीर्घ केला. ‘नागरीकांच्या’ होतं, तिथला ‘री’ ऱ्हस्व केला. चिटणीस म्हणाला, “काका, तुमच्याशिवाय शाखेचं काही खरं नाही.” आणि मी... मी सुखावलो हो! निदान चुकीचं तरी जाऊ द्यायचं होतं. लोक हसले असते, तेवढाच निषेध! पण नाही. आपल्या सरकारचं पत्रक अशुद्ध जाईल? सरकार आपलं आहे!

केंद्राच्या दाराला पत्रक लावलं ते चिकटपट्टीने. खळ आता कोण शिजवणार?

नवं केंद्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आम्ही गेलो एकदा. दोन बस. पहिल्या बसच्या पायरीवर हिचा पाय उचलेना, वाहक म्हणतो, “आजोबा, आटपा, लोक खोळंबलेत.” लोक खोळंबलेत! मी त्याला ‘खोळंबलेत’चं पूर्ण रूप सांगणार होतो, पण दोन्ही हात तिच्यात गुंतलेले. तिथे पोचलो तर रांग, रांगेत बसायला बाक नाही, आणि आमची वाचा शिकवणारी बाई तिथे नाहीच! तिचं काय झालं? विचारलं. खिडकीतला म्हणाला, “त्या पदाचं विलीनीकरण झालं.” परत येताना ही सबंध वाट गप्प. घरी आल्यावरही गप्प. ‘अहो’सुद्धा नाही.

मग चिटणीस पुन्हा दारात. रहिवाशांची सभा आहे, लोक चिडलेत. “काका, तुम्हीच बोला. तुमच्या घरात पेशंट आहे, तुम्ही सांगितलंत तर लोक ऐकतील. काकूंनाही आणा, पुढच्या रांगेत बसवू.”

नेलं. काय करणार! उभा राहिलो. म्हटलं, “बंधुभगिनींनो, दिवस कठीण आहेत, पण एक विसरू नका, सरकार आपलं आहे!” मागून शिंपी ओरडला, “मग केंद्र कुणाचं होतं?” सभेत हशा. आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला. इतक्या दिवसांनी पहिला. “तुमतं.”

कुणाला कळलं नाही. चिटणीस टाळ्या वाजवत म्हणाला, “वा, काकू!” त्याला वाटलं, पाठिंबा. मला कळलं हो. जीभ दातामागे जायच्याऐवजी दातावर आपटत होती. तिला चमच्यातला च येत नव्हता, एवढंच.

घरी आल्यावर मीच चमचा घेऊन बसलो. दुसरं आहे कोण? तिच्यासमोर हातातला छोटा आरसा धरला. “म्हण, चमचा.” “तमता.” “दातामागे, दातामागे! चाक. चूल. चोर.” रोज सकाळी चहा झाला की तेच. तिला घाम यायचा, मला घाम यायचा. मध्येच ती चमचा भिरकावायची, डाव्या हाताने, मी कॉटखाली वाकून शोधायचो, पुसायचो, पुन्हा “म्हण.” एकदा मी म्हटलं, राहू दे, आज सोपं म्हणू, आपलं म्हण, आपलं. त्यात च नाही, काही नाही, तुझा आवडता! तिने ओठ मिटून घेतले आणि चमच्याकडे बोट दाखवलं. अवघडच हवं! मला काय अभिमान वाटला त्या दिवशी. वाटलं, बाईची जिद्द बघा!

आणि परवा, ऐका, परवा चिटणीस आला. पुन्हा मतदान लागतंय, पुन्हा कागद. वर ठळक अक्षरात ‘आपले सरकार’. त्याची नजर हिच्याकडे गेली. खुर्चीशी वाकून, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणतो, “काय काकू, ओळखा बरं! सरकार कुणाचं? आ... आप...”

हिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघितलं. जीभ दातामागे नेली, सावकाश, मी शिकवली तशी.

“अहो,” म्हणाली, “तुमचं.”

स्वच्छ! तुम्हाला सांगतो, च असा निसटला दातामागून, की त्या बाईने ऐकला असता तर नाचली असती. चिटणीस माझ्याकडे बघतोय, काका आता दुरुस्त करतील. मीही तोंड उघडलं... पण उच्चार शुद्ध, विभक्ती शुद्ध, लिंग-वचन जुळलेलं. दुरुस्त काय करणार?

म्हणून मग त्याचा कागद घेतला आणि ‘निवडणुक’मधला ‘णु’ दीर्घ करून दिला.