सात नंबर

— नाही, नाही, काकू, पाय मागे ओढू नका, ठेवा इथे, या तिरक्या पाटावर. अहो, भेगा कोणाच्या टाचांना नसतात? आल्यापासून बघतोय, एक पाय दुसऱ्या पायामागे दडवताय, जसं काही मी परीक्षा घ्यायला बसलोय! सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत मी पायच तर बघतो. काय काय एकेक बघतो म्हणून सांगू — परवा एक साहेब आले, कडक सूट, टाय, आणि बूट काढला तर मोज्याला हे एवढं भोक, अंगठा बाहेर येऊन आपला इकडेतिकडे बघतोय. मी काय केलं? छताकडे बघितलं. बूट विकणाऱ्यानं दुसऱ्याच्या पायाची लाज राखायची असते. तेव्हा ठेवा, निवांत ठेवा. असा. आता दुसरा. हो, दोन्ही मापायचे — दोन्ही पाय सारखे कुणाचेच नसतात, तुमचा डावा मोठा आहे बघा.

पाच नंबर? छे! तुम्हाला सहा लागतो. लग्नापासून पाचच घालताय, ते बरोबर, पण तेव्हापासून पाय पसरला ना — वय झालं, उभं राहून कामं केली, पाय काय तसाच राहतो? त्याला कोण सांगणार, की बाबा, बाई पाच नंबरच मागते, तू वाढू नकोस! आणि चामडं घालून घालून सैल पडतं म्हणालात ना, ते तर सगळेच म्हणतात. चामडं थोडं पडतं सैल, नाही असं नाही, पण त्याच्या आधी पाय हार मानतो. ही करंगळी बघा, शेजारच्या बोटाखाली गेलीय. आणि हे कुरूप. याला ब्लेड लावता का घरी? खरं सांगा. लावता! अहो, अजिबात लावायचं नाही, सांगून ठेवतो — कुरूप कापलं की दोन दिवस बरं वाटतं, मग परत येतं, आणि ब्लेड जरा आत गेलं तर — आमच्या मागच्या खोलीत खोके फोडायचा कटर आहे, त्यानं तर हात थरथरला की संपलंच — नाही, म्हणजे, कुणी तसं केलं तर, असं म्हणतोय मी.

थांबा, सहा नंबर आणतो.

हा घ्या. आणि हा दुसरा, पुढून रुंद. आणि हा काळ्या पट्ट्याचा, तो तुम्हाला नाही आवडणार, पण घालून बघा. मी तीनदा आत-बाहेर केलं तरी चालतं, तुम्ही एकदाच नीट घ्या. बूट संध्याकाळी घ्यायला आलात हे एक शहाणपणाचं केलंत, दिवसभरात पाय सुजलेला असतो, आत्ता बसला तो केव्हाही बसतो. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्यात पुसता ना? कोरडं पुसायचं. नखं सरळ कापायची, कोपरे आत खुडायचे नाहीत. मोजे रोज — काय? वास? हो, येतोय जरासा. नवीन माल आलाय ना, सोल चिकटवायचं ते सोल्यूशन असतं, त्याचा. दाराशी पंखा लावतो मी मग. नाकाला रुमाल नका लावू, काकू — नाही, लावा, लावा, मी सहज म्हटलं.

माझे? हे होय! छान आहेत ना? दुकानातलेच. आमच्या मालकांचा नियमच आहे, विकणाऱ्याच्या पायात दुकानातलाच माल पाहिजे, गिऱ्हाईक आधी तुझे पाय बघतं, मग तुझं तोंड. बरोबरच आहे त्यांचं, तुम्हीसुद्धा बघितलेतच की. विकत नाही घ्यावे लागत. कंपनीवाले नमुन्याचे जोड पाठवतात, काचेत मांडायला, ते मोसम संपला की माझ्या पायात. फक्त नमुना येतो तो एकाच नंबरात. पुरुषांचा सगळा नमुना सात. मला कामावर घेताना मालकांनी विचारलं, तुझा नंबर काय रे? मागे रांगेत आणखी चौघं उभे होते. मी म्हटलं, सात. ते इतके खूश झाले! मला म्हणतात, तुझा पाय देवानं आमच्या दुकानासाठीच घडवलाय. अजून कंपनीचे लोक आले की मला बोलावतात, हे स्टूल आहे ना, यावर उभं करतात, आमचा सात नंबर बघा म्हणतात, आणि मी पाय पुढे करतो, टाच वर, चवडा वर, एक गिरकी. सगळे वाहवा करतात. मीही हसतो.

नऊ. नऊ लागतो मला.

अहो, हळू! मालक गल्ल्यावर आहेत. कुठून बोलून गेलो मी हे तुमच्यापाशी, कुणाला सांगितलेलं नाही आजवर. हसा तुम्ही, हसण्यासारखंच आहे — दिवसभर लोकांना सांगतो, अंगठ्यापुढे बोटभर जागा पाहिजे हो, अंगठ्यापुढे बोटभर जागा पाहिजे — आणि माझा अंगठा आत मुडपून बसलेला. लाज वाटते. तुम्हाला सांगतो, कुणाच्या पायाशी बसून मी हे बोलायला लागलो ना की मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण आता कसं सांगायचं? मालकांना जाऊन म्हणू, साहेब, इतकी वर्षं तुमच्या डोळ्यांत धूळ फेकली, माझा पाय नऊचा आहे? ते काय म्हणतील, ते सोडा — मला स्टुलावर चढवून कौतुक करणारा तो एकच माणूस आहे या जगात, काकू.

दुखत नाही. नाही, खरंच नाही. आधी दुखायचे, खूप दुखायचे, जेवायच्या सुट्टीत मागच्या खोलीत खोक्यांवर बसून डोळ्यांत पाणी यायचं. मग हळूहळू थांबलं. मला वाटलं, चला, पाय शिकले एकदाचे! डॉक्टरांना हौसेनं सांगितलं तर ते हसले नाहीत. रक्त तपासलं, साखर निघाली. म्हणाले, दुखायचं थांबलंय ही चांगली गोष्ट नाही, पाय बधिर झालेत तुमचे, रोज रात्री तळवे आरशात बघायचे, जखम झाली आणि कळलीच नाही तर पाय जाईल. असं सरळ म्हणाले, पाय जाईल. मी हो हो म्हटलं. आणि तेव्हापासून, खोटं कशाला बोलू, एकदाही बघितलेले नाहीत. मोजे घालून झोपतो. अंघोळीला दिवा लावत नाही. बायको विचारते, एवढी कसली थंडी वाजते तुम्हाला? एकदा मी झोपलोय असं समजून ती मोजा काढायला गेली, बिचारी तेल लावायला, वाटीत तेल कोमट करून आणलं होतं तिनं, आणि मी तिच्या अंगावर असा खेकसलो — कधी म्हणजे कधी आवाज चढवला नव्हता मी तिच्यावर. ती वाटी घेऊन गेली आत. पायाची लाज वाटते ती एक, पण त्या रात्रीची जी वाटते ना, ती सांगायची सोय नाही.

आणि या सोमवारी घरी बूट काढला तर आत, अंगठ्याखाली, टाचणी. किमतीची चिठ्ठी लावतात ती, उभीच्या उभी. दिवसभर मी तिच्यावर चाललो होतो. टाचणी फेकून दिली. मोजा — मोजा नाही काढला. बघितलं नाही म्हणजे काही झालेलं नाही, असं वाटतं हो माणसाला, काय करायचं!

जाऊ दे, तुम्हाला हा रुंदच बसेल. उभ्या राहा, दोन पावलं चाला, आरसा तिकडे — काय झालं? फरशीवर डाग? कुठे? ते होय, ते पॉलिश असेल. लाल पॉलिश सांडलं असेल कुणीतरी, मी पुसतो आत्ता — तिथेही? मागच्या खोलीच्या दारापासून?

लाल पॉलिश आम्ही ठेवतच नाही.

माझ्याच बुटाचे आहेत ते. शिवणीतून येतंय. बघा, मला काहीसुद्धा कळलेलं नाही, ओलं लागत नाही की काही नाही. काकू, मालकांना हाक नका मारू. पाया पडतो तुमच्या, आत्ता नको. त्यांच्यासमोर नको. अहो, हे काय करताय — नका, वाकू नका तुम्ही, हात नका लावू त्याला, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या, माझ्या घाणेरड्या पायाला — नका ना! सोडतो, मी सोडतो लेस, माझा मी सोडतो. तुम्ही बसा. रुमाल धरा नाकाला. माझ्यापुढे लाजू नका, म्हटलं ना तुम्हाला मघाशी.

निघत नाही. घट्ट आहे. आता आला. मोजा चिकटलाय.

तुम्हीच बघा, काकू. मी तिकडे तोंड करतो. बघा आणि सांगा, जे असेल ते सांगा, मी काही ओरडणार नाही. अंगठ्याखाली बघा.

काकू?



फोन कुणाला लावताय? दवाखान्यात? हो. हो, लावा. पण थांबा, एक मिनिट — आधी माझ्या घरी लावाल? नंबर सांगतो तो फिरवा. वाजतोय? द्या इकडे. तिला तुम्ही नका सांगू, मीच सांगतो.

अगं, मी बोलतोय. नाही, दुकानातूनच. अगं, माझा पाय —