हातांवरचे केस आणि पौर्णिमा

तुमच्या मुली पार्लरमध्ये जाऊन हातांवरचे केस काढतात, काढू देत. माझे हात आहेत तसेच राहिले, आणि त्याला कारण आमचे बाबा.

त्या वर्षी भिवंडीत एका इंग्रजी सिनेमाची व्हिडिओ कॅसेट घरोघरी फिरत होती. पौर्णिमेचा चंद्र उगवला की हिरोच्या हातांवर भराभर केस फुटायचे आणि त्याचा लांडगा व्हायचा. नेमकी तेव्हाच कल्याणहून मला बघायला मंडळी आली. शुक्रवार धरला होता, कारण त्या दिवशी यंत्रमागांना सुट्टी; एरवी शेजारच्या लूमच्या खडखडाटात कुणाचं बोलणंच ऐकू यायचं नाही. त्यात पौर्णिमा, म्हणून आईच्या मते दिवस चांगला.

मी पोह्यांची बशी पुढे केली, तर मुलाच्या मावशीने माझं मनगटच धरलं. “अगंबाई, हे तर त्या सिनेमातल्या लांडग्यासारखे! लग्नाआधी काढून टाक हो सगळे.”

मुलगा फिस्सकन हसला. आधीच दोन-तीन नकार आलेले, त्यामुळे आई मला डोळ्यांनीच दटावत होती. मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, “काढले तरी पौर्णिमेला परत येतात.”

मावशी बाबांवर उखडल्या. “ऐकलंत? काय बोलतेय तुमची मुलगी!”

आमचे बाबा साधे कारकून, मुलाकडच्यांसमोर कायम हात जोडून उभे. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ते शांतपणे म्हणाले, “बरोबर बोलतेय ती. आज पौर्णिमाच आहे. चहा राहू द्या, चंद्र उगवायच्या आत कल्याण गाठा.”