हजार पॉइंटची फौज आणि चौथा वैद्य

…नाही, पण मला एक सांगा, नव्वद पॉइंट कापायचे तरी कुठून? मर्यादा हजाराची, माझी फौज एक हजार नव्वदची, आणि त्यात एकही गडी असा नाही की ज्याच्याकडं बघून म्हणावं, जा बाबा, तू आज घरी राहा. तुम्हाला सांगते, तीन दिवस मी ती यादी घेऊन हिंडून राहिली होती. कुकरपाशी यादी, मोनाच्या शाळेच्या गेटवर यादी, भाजीवाली विचारते भेंडी किती, मी म्हणते ऐंशी.

थांबा, फौज म्हटल्यावर दचकू नका. माझ्याकडं भिलाईच्या जुनवानीत एक घर आहे, एक नवरा, सासू-सासरे आणि चार वर्षांची मोना, एवढंच माझं साम्राज्य. ही टेबलावरची लढाई. करंगळीच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक, प्लायवूडचं मैदान, फासे आणि अंतर मोजायला टेलरचा टेप. आणि खेळायच्या आधी आपली फौज यादी करून द्यायची, प्रत्येक तुकडीचे पॉइंट ठरलेले. भालेवाले ऐंशी, तिरंदाज नव्वद, घोडेस्वार दीडशे, तोफ दोनशे, सरदार एकशे साठ. शिवाय जखमींना बरं करणारा वैद्य चाळीस आणि दाणापाणी वाहणारी रसदगाडी साठ. सगळं मिळून हजार. खरी गंमत लढाईत नाहीच म्हणतात, ती यादीत आहे… थोडे मारणारे, थोडे राखणारे, थोडे पळणारे, असा तोल साधायचा. आता तोल आणि मी! मी मोनाला घेऊन कोपऱ्यावरच्या बागेत जाते तेव्हा पिशवीत दोन फ्रॉक, स्वेटर, टोपी, ग्लुकोज, क्रेप बँडेज आणि टॉर्च असते. सकाळी दहाला. टॉर्च. का? तर असू दे, लागलं तर?

हे मला लावलं मोहितनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात म्हणाला, "तुझा हात बारीक आहे, माझे सैनिक रंगवून दे ना." रंगवले. मग म्हणाला, "समोर कोणी नाही, जरा बस ना." बसले. मग मी त्याला हरवलं आणि तो दोन दिवस वरणाला चव नाही म्हणत होता. मग मोना झाली आणि माझी फौज चपलांच्या डब्यात गेली, कपाटावर. चार वर्षं.

आणि आता बघा काय झालं. नागपूरला दोन दिवसांचे सामने, आपल्या भिलाईच्या टोळीतून चार जण जाणार. तिघं ठरलेले. चौथ्या जागेसाठी दोन नावं आली, एक मोहित आणि एक… मी. माझं नाव मीच दिलं होतं. का दिलं, ते विचारू नका, त्या दिवशी मोना लवकर झोपली होती आणि मला आपण कोणीतरी आहोत असं वाटलं होतं. टोळीचे भैय्याजी, वैशाली नगरात त्यांचं स्टेशनरीचं दुकान, वरच्या खोलीत टेबल, ते म्हणाले, "सिंपल है. संडे को आप दोनों आपस में खेल लो. जो जीता वो नागपुर, जो हारा वो बच्ची के साथ घर पे."

जो हारा वो घर पे. हे त्यांनी शिक्षा म्हणून सांगितलं हो, पण मला धास्ती बसली ती दुसऱ्याच कारणानं. मोनाला मी जन्मापासून एक रात्र सोडलेलं नाही. म्हणजे मला जिंकायचं होतं, फार जिंकायचं होतं, आणि जिंकले तर तिला सोडून जावं लागणार होतं. असा खेळाडू तुम्ही पाहिलाय का कुठं?

तर यादी. सरदार एक, तो घ्यावाच लागतो. भालेवाले दोन, तिरंदाज दोन, घोडेस्वार एक, तोफ एक. इथवर शहाण्या माणसाची यादी. मग वैद्य… एक घेतला. पण तो एक वैद्य स्वतःच आजारी पडला तर? दुसरा घेतला. दोघं एकीकडं असले आणि जखमी दुसरीकडं? तिसरा. रसदगाडी एक. गाडीचं चाक मोडलं तर? असू दे, लागलं तर? दुसरी. झाले एक हजार नव्वद.

मोहित समोरच्या खुर्चीवर आपली यादी हातानं झाकून लिहीत होता, शाळेतल्या पोरांसारखा. मी म्हटलं, "अहो, घोडे किती घेतले?" घरी, सासूबाईंसमोर, मी अहो म्हणते. टेबलावर मोहित म्हणते. तो म्हणाला, "नहीं बताऊंगा. तू टेन्शन नको घेऊ, दोन दिवस मोनासोबत मजा कर." ह्याची यादी मला पाठ आहे हो. पाच घोडेस्वार, एक सरदार, दुसऱ्या फेरीत सगळे सुसाट, चौथ्या फेरीत मैदान रिकामं. वर म्हणणार, फासा खराब होता.

मग मी सासऱ्यांकडं गेले. बाबा, म्हणजे सुखराम बाबा, स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमधून, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवरून, फोरमन होऊन रिटायर झालेत. प्लांट सोडून सहा वर्षं झाली, पण अजून पहाटे पाचला उठून शर्टाची बटणं लावून बसतात. हा खेळ त्यांना येत नाही. पण माणसं लावायचं काम त्यांनी छत्तीस वर्षं केलंय, म्हटलं विचारू. चष्मा लावला, यादी वाचली, खाली ठेवली.

"रिलिव्हर कुठी हाय?"

"कसला रिलिव्हर, बाबा?"

"अवं पोरी, हा भालेवाला झेंड्यापाशी उभा राहीन. बरोबर? मंग त्याचा टाइम संपला का त्याच्या जागी कोन येईन?"

"बाबा, सहाच फेऱ्या असतात."

"सहा असो का साठ. मांगचा मानूस आल्याबिगर पुढच्यानं पोस्ट सोडाची नाई. मी एकडाव लागोपाठ सोळा घंटे उभा होतो, कावून, त मांगच्याची स्कूटर बंद पडली. पन पोस्ट सोडली नाई." मग तोफेवर बोट ठेवलं. "हे तोफ एकच? मंग तोफवाला जेवाले कधी जाईन?"

आता तुम्ही म्हणाल, हर्षा, तू शिकलेली बाई, एम.कॉम. झालेली, प्लास्टिकचा तोफवाला जेवत नाही हे तुला कळत नव्हतं का? कळत होतं. पण तुम्हाला खरं सांगते, त्यांनी विचारल्यावर मला तो दिसायला लागला. बिचारा एकटा, उन्हात, डबा उघडलेला नाही… मी तोफ कापली. घोडेस्वारही एकच होते, त्यांनाही मागं कोणी नाही. कापले. उरले सातशे चाळीस. मग भालेवाल्यांच्या दोन तुकड्या वाढवल्या, पुढं दोन आणि मागं दोन रिलिव्हर, झाले नऊशे. शंभर शिल्लक. शहाणी बाई काय घेईल? तिरंदाज घेईल. मी एक रसदगाडी आणि चौथा वैद्य घेतला. असू दे, लागलं तर? हजाराला हजार. शुक्रवारी संध्याकाळी यादी भैय्याजींना फोनवर पाठवली, त्यानंतर बदल नाही. भैय्याजींचा निरोप आला, "भाभीजी, ये फ़ौज है कि हेल्थ कैंप?"

रविवारी अकराला आम्ही एकाच स्कूटरवर लढायला गेलो. मोना सासूबाईंकडं. निघताना मी आईंना सात सूचना दिल्या, त्या म्हणाल्या, "अवं जाय व माय, म्या मोहितले वाढवलं, हे त अर्धीच हाय त्याच्या."

खेळ सोपा आहे. आपला एक झेंडा, त्याचा एक, आणि मधोमध एक, कोणाचाच नाही. सहा फेऱ्यांनंतर ज्याच्या ताब्यात जास्त झेंडे, तो जिंकला. मोहितनं फौज मांडायला घेतली आणि मी बघतच राहिले. घोडा एक नाही! भालेवाल्यांची ओळ, तिच्या मागं भालेवाल्यांची ओळ, तिच्या मागं तिरंदाज, पाय मोकळे करून बसल्यासारखे. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं.

"तू बाबांना विचारलंस?" मी म्हटलं.

"तू पण?"

आता बोला. एका फोरमननं दोन्ही बाजूंची ड्यूटी लावलेली. आणि मग तुम्हाला सांगते, पहिली फेरी, मी हलले नाही. तो हलला नाही. पोस्ट कोण सोडणार? दुसरी फेरी, मी पुढचे भालेवाले मागं नेले आणि मागचे पुढं आणले. त्यानंही तेच. तिसरी फेरी, तेच. मधल्या झेंड्याकडं कोणी बघेना. भैय्याजी पंच म्हणून बसले होते, ते म्हणाले, "मैं नीचे दो ग्राहक निपटा के आता हूं, तब तक कोई मरे तो आवाज देना." परत आले, कोणी मेलं नव्हतं. माझ्या चार वैद्यांना आणि तीन रसदगाड्यांना तर काही कामच नव्हतं, सहलीला आल्यासारखे उभे. मी मात्र खुश. कोणाला लागलं नाही, कोणी उपाशी नाही. चौथ्या फेरीपर्यंत मी मधे तीनदा घरी फोन केला. तिसऱ्यांदा आईंनी उचललाच नाही, आणि मी फासे हातात घेऊन विचार करत होते की का नाही उचलला.

चौथ्या फेरीनंतर भैय्याजींनी नियमांचा कागद बघितला. "बराबर रहा तो जो पिछले साल गया था, वही जाएगा."

मागच्या वर्षी मोहित गेला होता.

मोहितनं पाय लांब केले. अगदी आरामात. म्हणाला, "नागपूरहून तुला संत्रा बर्फी आणीन."

आता मला सांगा, ह्यात चिडण्यासारखं काय होतं? मला तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. बरोबरी, घर, मोना, आणि वर बर्फी. पण ते त्याचे लांब केलेले पाय… ते बघून माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. मी माझ्या फौजेकडं बघितलं. सगळे कोणाची ना कोणाची जागा धरून. फक्त एक मोकळा, अगदी कडेला, चौथा वैद्य. त्याची पिशवी मोनानं नेलपॉलिशनं गुलाबी रंगवलेली. त्याच्या मागं कोणी नाही, पुढं कोणी नाही, तो कशाला घेतला होता तेही आता मला आठवेना.

पाचवी फेरी. मी त्याला उचललं आणि टेप लावून अर्ध्या वाटेवर ठेवलं, उघड्या मैदानात, एकटा. अडीच सेंटीमीटरचा माणूस आणि माझ्या मनात येतंय की ह्यानं टोपी घातलीय का.

मोहित हसायला लागला. "वो कहां जा रहा है? वॉकिंगला?"

"सहज," मी म्हटलं.

तो हसत राहिला आणि आपल्या भालेवाल्यांची शिफ्ट बदलत बसला. सहावी फेरी. माझा वैद्य चालत गेला आणि मधल्या झेंड्यापाशी उभा राहिला. गुलाबी पिशवी घेऊन. तेव्हा कुठं मोहितचे पाय खुर्चीखाली गेले. भालेवाले तिथवर एका फेरीत पोचत नाहीत, वैद्याला मारायला मात्र एक बाण पुरे होता. पण तिरंदाज कुठं? दोन ओळींच्या मागं, विश्रांतीला. त्यांना पुढं आणायचं तर पुढच्यांना मागं न्यायचं, आणि त्या अदलाबदलीत अख्खी फेरी जाते. त्यानं टेप काढला, मोजलं, परत मोजलं, टेप उलटा धरून मोजलं. भैय्याजी म्हणाले, "मोहित भाई, रबर नहीं है वो."

दोन झेंडे माझे, एक त्याचा. सहा फेऱ्यांत एक माणूस मेला नाही, एक फासा पडला नाही, आणि मी जिंकले. भैय्याजींनी वहीत लिहिलं, चौथी सीट, हर्षा. मोहितनं हात मिळवला, खरोखर चांगला मिळवला, आणि म्हणाला, "वैद्यानं मारलं यार मले. जा तू नागपूरला." स्कूटरवर मागं बसून मी वैशाली नगर ते जुनवानी हसत होते, आणि जुनवानीच्या वळणावर मला कळलं की मी जिंकले म्हणजे मी जाणार. शनिवारी. मोनाला सोडून.

घरी आल्या आल्या दोघांनी बाबांना धरलं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही दोघांना एकच सांगितलंत?"

"मंग? मानूस पाहून का रूल बदलते?" आणि पेपर उघडला.

तेव्हापासून मी मोहितसाठी दुसरी यादी करतेय. दोन दिवस मोनाचं काय काय करायचं, ती. चार पानं झाली. दूध कोमट, पण गरम नाही. रडली तर आधी कान बघ. डाव्या कुशीवर. रेनकोट बाहेर काढून ठेवलाय, हिवाळा आहे, पण असू दे, लागलं तर? मोहितनं चारही पानं वाचली, पेन घेतलं, सगळ्यावर काट मारली आणि खाली लिहिलं, खाऊ घाल, झोपव, हरवू नको. म्हणाला, "बघ, झाली बॅलन्स." मी ती पानं उचलून आईंकडं दिली. त्यांनी त्यात लसूण बांधला.

शेवटी आज दुपारी मनाचा हिय्या केला. म्हटलं, मोनालाच नीट समजावून सांगू. एका हातात रुमाल, एका हातात चॉकलेट, दोन्ही परिस्थितींची तयारी. मांडीवर घेतलं. म्हटलं, बेटा, आई दोन दिवस नागपूरला जाणार आहे, तू रडायचं नाही, मी रोज फोन करीन, तू शहाणी आहेस ना… रुमाल मलाच लागला. मोनानं सगळं ऐकून घेतलं. चॉकलेट घेतलं. जरा विचार केला. म्हणाली, "मग तुझ्या जागेवर मी झोपू? खिडकीकडं?"

मी म्हटलं, झोप. दुसरं काय म्हणणार? शनिवारला अजून दोन दिवस आहेत, आणि माझी उशी तिनं आत्ताच पलंगाखाली टाकलीय.