पायी कोल्हापूर

आमच्या गल्लीतल्या सुहासची अक्कल सांगतो, ऐका. जुना राजवाडा, टाऊन हॉलचं म्युझियम, नवा राजवाडा, सगळं एका दिवसात चालत दाखवतो म्हणून त्यानं गल्ली बाहेर काढली. आम्ही उन्हातनं चालतोय आणि हे बेणं शेजारनं बुलेटवर, "चला की, मागं राहू नका."

म्हटलं, "तू का न्हाय चालत?"

"मग वाट कोण दाखवणार?"

म्युझियमच्या दारात म्हटलं, "आत तरी चल."

"बघितलंय की मी. शाळेच्या सहलीत."

संध्याकाळी तालमीत सत्कार त्याचाच. माइक धरून सांगतोय, "चालल्याशिवाय शहर कळत न्हाय." माझ्या पायाला फोड आलेले, तरी टाळ्या वाजवल्या. मग शाल सावरत त्यानं बुलेटला किक मारली आणि घरी गेला.

घर तालमीच्या समोरच हाय त्याचं.